चेऊलचा वेढा व अरबी युद्धवार्तांचा पक्षपात

निजामशाहीच्या इतिहासांत इ. स. १५७०-७१ चा चेऊलचा वेढा हें एक असें प्रकरण आहे कीं, त्याचा निकाल लेखकांनीं फार लवकर लावून टाकला आहे. मुर्तजा निजामशहा मोठें सैन्य घेऊन अहमदनगराहून कोंकणांत उतरला, कुंडलिकेच्या मुखाशीं रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटास त्यानें कित्येक महिने वेढा दिला, आणि सरदार फितले म्हणून त्यास रिकाम्या हातीं परत यावें लागलें. एवढ्या तीन वाक्यांत हें प्रकरण आटोपतें. या तीन वाक्यांपैकीं पहिलीं दोन सर्व साधनांस मान्य आहेत. तिसरें वाक्य मात्र वृत्त नसून निर्णय आहे, व तो कोणीं, कोठें बसून, कोणासाठीं दिला हें पाहिल्यावांचून तो आम्हीं उचलणें योग्य नव्हे. प्रस्तुत लेखांत या वेढ्यासंबंधीं अरबी, फार्सी व पोर्तुगीज या तीन भाषांतील साक्षी एकमेकींसमोर ठेवून त्यांपैकीं अरबी साक्षीचा पक्षपात कोणत्या जातीचा आहे, हें तपासावयाचें आहे. अहमदनगर शहरास व जिल्ह्यास आज अहिल्यानगर हें नांव आहे. सोळाव्या शतकाविषयीं लिहितांना मात्र तत्कालीन नांवच ठेविलें आहे.

प्रथम स्थळाविषयीं. चेऊलचें नांव अरबी लेखनास नवें नव्हे. अरबी लिपींत ‘च’ नसल्यामुळें हें गांव जुन्या भूगोलग्रंथांत ‘सैमूर’ या नांवानें व पुढील काळच्या ग्रंथांत ‘शियूल’सारख्या रूपानें येतें, हस्तलिखितें चाळणारांनीं हें ध्यानांत ठेविलें नाहीं तर चेऊलचे उल्लेख हातचे निसटतात. हिजरी ३०४ मध्यें, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, मसूदी या प्रवाशानें हें बंदर पाहिलें, व सिराफ, उमान, बसरा, बगदाद येथून येऊन राहिलेले सुमारें दहा हजार मुसलमान तेथें असल्याचें नमूद केलें. म्हणजे पोर्तुगीजांचें जहाज या किनाऱ्यास लागण्यापूर्वीं सहाशें वर्षें चेऊलची खबर अरबी भाषेंत समुद्रापार जात होती. ‘खबर’ हा आपल्या नित्याच्या बोलण्यांतला शब्द मूळ अरबी असून ‘अखबार’ हें त्याचेंच अनेकवचन आहे.

युद्धाची पहिली मोठी खबर इ. स. १५०८ ची. त्या वर्षीं इजिप्तच्या मामलुक सुलतानाचें आरमार अमीर हुसेनच्या हुकमतीखालीं चेऊलच्या खाडींत पोर्तुगीजांशीं लढलें, व पोर्तुगीज विजरईचा पुत्र लोरेंसो दि आल्मेदा तेथें पडला. कैरोच्या इब्न इयास या बखरकारानें हुसेनच्या विजयाची वार्ता राजधानींत आल्याचें व तेथें आनंदाची नौबत झडल्याचें नोंदून ठेविलें आहे. पुढल्याच वर्षीं, १५०९ मध्यें, दीव येथें त्याच आरमाराचा पुरा मोड झाला. चेऊल हें तेव्हां अहमदनगरच्या निजामशहाचें बंदर होतें. पण कैरोंत जी नौबत झडली ती ज्याच्या पाण्यांत लढाई झाली त्या धन्यासाठीं नव्हती. दूरदेशींच्या युद्धवार्तेचा हा पहिला गुण येथेंच दिसतो. वार्ता खरी असूनहि ती ज्या गांवीं ऐकिली जाते त्या गांवच्या मापानें मोजली जाते.

आतां मुख्य अरबी साधनाकडे वळूं. मलबारांतील पोन्नानी येथील शेख जैनुद्दीन मखदूम यांचा ‘तुहफत्‌ उल्‌ मुजाहिदीन’ हा तो ग्रंथ होय. त्याच्या पूर्ण नांवांतच ‘पोर्तुगीजांच्या कांहीं खबरा’ असे शब्द आहेत. तेव्हां त्यास वृत्तांतग्रंथ म्हणून तपासण्यांत त्याजवर अन्याय होत नाहीं. ग्रंथाचे चार भाग आहेत: जिहादाची प्रेरणा, मलबारांत इस्लामचा प्रवेश, तेथील हिंदूंच्या चालीरीती, व पोर्तुगीजांचें आगमन आणि त्यांचीं कृत्यें. हकीकत इ. स. १५८३ पर्यंत येते. ग्रंथ विजापूरच्या अली आदिलशहास अर्पण केलेला आहे. रोलंडसन यानें १८३३ मध्यें त्याचें इंग्रजी भाषांतर लंडनला प्रसिद्ध केलें, डेव्हिड लोपेश यानें १८९८ मध्यें लिस्बनला अरबी संहिता पोर्तुगीज भाषांतरासह छापिली, आणि १९४२ मध्यें मद्रासेस नैनार यांचें नवें इंग्रजी भाषांतर निघालें. म्हणजे मूळ पाहण्याची सोय नाहीं ही सबब आतां कोणासहि सांगतां येणार नाहीं.

या ग्रंथाची भाषा हीच त्याच्या हेतूची पहिली साक्ष आहे. लेखकाभोंवतालचा समाज मलयाळम बोलणारा. केवळ पोन्नानीच्या नावाड्यांस व व्यापाऱ्यांस सांगावयाचें असतें तर अरबीचें प्रयोजन नव्हतें. अरबी निवडली ती मलबाराबाहेरील विद्वानांच्या व दरबारांच्या कानीं पडावें म्हणून. जो वृत्तांत दूरच्या बलिष्ठांकडून मदत मागण्यासाठीं लिहिला जातो, त्यांत कोणती गोष्ट मोठी व कोणती लहान होईल, हें लेखणी उचलण्यापूर्वींच अर्धें ठरून गेलेलें असतें.

त्याप्रमाणेंच येथें झालें आहे. इ. स. १५७० मध्यें आदिलशहानें गोव्यावर, निजामशहानें चेऊलवर व कालिकतच्या सामुरीनें आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांशीं युद्ध मांडिलें. हे तीन उद्योग परस्परांशीं जोडलेले होते. परंतु ‘तुहफत’मध्यें जागा मिळाली ती कालिकतजवळच्या चालियमच्या कोटास. तो कोट कसा वेढिला, आंतील शिबंदीस अन्न न मिळून कुत्रीं खाण्याची पाळी कशी आली, शरणागतीनंतर कोट पाडून दगड व लांकूड कसें नेलें, हें सर्व तपशिलानें येतें. त्याच विजयावर कालिकतचे काझी मुहम्मद यांनीं ‘अल्‌-फतह्‌ अल्‌-मुबीन’ हें अरबी काव्य रचून सामुरीचें गुणवर्णन केलें आहे. चेऊलचा उल्लेख मात्र ओझरता आहे. नगरच्या फौजेनें डिसेंबर १५७० पासून जुलै १५७१ पर्यंत जें सोसलें त्याला या अरबी पटावर कोपरा मिळाला आहे. यांत असत्य कांहींच नाहीं. पण प्रमाणाचा पक्षपात आहे, आणि तो असत्याहून ओळखण्यास कठीण असतो.

तथापि या लेखकास केवळ धर्माभिमानी प्रचारक म्हणून बाजूस सारणें हेंहि तितकेंच चुकीचें होईल. मुसलमान राजांनीं मलबारच्या लोकांची उपेक्षा केली असें तो स्पष्ट म्हणतो; आपल्या लोकांवरील संकट त्यांच्याच पापाचें फळ आहे असें मानतो; आणि हिंदु असलेल्या सामुरीची मुक्तकंठानें स्तुति करितो. म्हणजे त्याचा पक्ष सरधोपट ‘मुसलमान विरुद्ध इतर’ असा नाहीं. ज्यांचीं जहाजें जळलीं व ज्यांचीं माणसें धरून नेलीं, त्या मलबारी व्यापाऱ्यांचा तो पक्षकार आहे. पक्षकाराची साक्ष अग्राह्य नसते. ती कशाविषयीं घ्यावी व कशाविषयीं घेऊं नये एवढेंच ठरवावें लागतें. मलबारच्या हालांविषयीं तो उत्तम साक्षीदार आहे. नगर दरबाराच्या हेतूंविषयीं मात्र तो दूर बसलेला श्रोता आहे.

या हेतूंविषयीं त्याची चौकट किती अपुरी पडते याचें एकच उदाहरण पुरे. निजामशाही व पोर्तुगीज यांचा संबंध ‘जिहाद’ या एका शब्दांत मावत नाहीं. चेऊलला पोर्तुगीजांचा कोट उभा राहिला तो इ. स. १५२१ पासूनच्या काळांत, बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीनें. आणि त्या परवानगीच्या मुळाशीं घोड्यांचा व्यापार होता. अरबस्तान व इराणकडील घोडे दख्खनच्या दरबारांस हवे होते, व समुद्रावर पोर्तुगीजांची सत्ता होती. पन्नास वर्षांनीं त्याच कोटास वेढा पडला, आणि वेढा उठतांच जुलै १५७१ मध्यें पुन्हा तह झाला. करार, युद्ध व करार अशी ही सांखळी आहे. अरबी वृत्तांतकारास तिच्यांतली मधली कडी तेवढी उपयोगाची होती.

आतां फितुरीच्या आरोपाकडे येऊं. त्याचा मुख्य आधार फिरिश्ता. निजामशाही सरदारांस पोर्तुगीजांनीं नजराणे, विशेषतः दारू, देऊन वळविलें व त्यामुळें वेढा फसला, असें तो लिहितो. फिरिश्ता लहानपणीं बापाबरोबर अहमदनगरास आला, मुर्तजा निजामशहाच्या आश्रयास वाढला, म्हणून त्याची साक्ष घरची समजण्याची चाल आहे. पण वेढ्याच्या वेळीं तो बालक होता. १५८९ मध्यें त्यानें नगर सोडून विजापूर गांठलें. आणि इतिहासाची पहिली सिद्धता केली ती १६०६ च्या सुमारास इब्राहीम आदिलशहाच्या पदरीं राहून. म्हणजे ही साक्ष पस्तीस वर्षांनंतरची व प्रतिस्पर्धी दरबारांतली आहे. ज्या मोहिमेंत विजापूरकरांस गोवा घेतां आला नाहीं, तिच्यांतच नगरकरांस चेऊल घेतां आलें नाहीं. विजापुरांत बसून लिहिणारास नगरच्या अपयशाचें कारण सरदारांच्या दारूंत सांपडावें, यांत नवल नाहीं. शिवाय मलबारच्या प्रकरणासाठीं आपण ‘तुहफत’चा आधार घेतल्याचें फिरिश्ता स्वतःच सांगतो. तेव्हां मलबारच्या युद्धाविषयीं अरबी व फार्सी अशा ‘दोन’ साक्षी जुळतात म्हणून समाधान मानणारानें, त्या दोन नसून एकच आहे, हें ध्यानांत ठेवावें.

पोर्तुगीज बाजूहि निर्मळ नाहीं. आंतोनियो दि कास्तिल्यो याचें गोवा व चेऊलच्या वेढ्यांचें वर्णन १५७३ मध्येंच लिस्बनला छापलें गेलें. म्हणजे विजयाची खबर दोन वर्षांत ग्रंथरूपानें बाजारांत आली. पुढें फारिया इ सोझा याच्यासारख्या सतराव्या शतकांतील लेखकापर्यंत येतां येतां निजामशहाचें सैन्य चौतीस हजार घोडेस्वार व एक लाख पायदळ असें भरलें. एवढ्या माणसांस व जनावरांस कोंकणच्या त्या चिंचोळ्या पट्टींत सात-आठ महिने दाणावैरण कोठून पुरली, याचा हिशेब कोणींच दिलेला नाहीं. शत्रूची संख्या वाढविली म्हणजे बचावाचें तेज वाढतें, हा सर्व देशांच्या विजयवृत्तांचा नियम आहे.

मग वेढा कां फसला? आमच्या मतें याचें उत्तर त्याच अरबी ग्रंथांत आहे, पण चेऊलच्या उल्लेखांत नसून चालियमच्या वर्णनांत आहे. चालियम पडलें तें भुकेनें. तो वेढा १५७१ च्या पावसाळ्यांत घातला गेला. त्या दिवसांत गोव्याहून समुद्रमार्गें मदत पोंचणें दुर्घट होतें, व सामुरीनें कोटाच्या वाटा रोखून धरिल्या. रेवदंड्याची स्थिति याच्या उलट होती. वेढा डिसेंबरांत, म्हणजे समुद्र मोकळा असतां, सुरू झाला. फ्रांसिस्कु मास्कारेन्यश कुमक घेऊन समुद्रावाटे आला, व पुढेंहि माणसें आणि सामग्री येत राहिली. सामुरीचें आरमार चेऊलकडे आलें खरें, पण तें बंदराचें तोंड बंद करूं शकलें नाहीं. निजामशहापाशीं तोफा होत्या व तोफा ओतणारेहि होते. विजापुरास आज असलेली ‘मुलूख-मैदान’ तोफ १५४९ मध्यें अहमदनगरासच रूमी खानानें ओतली होती. नव्हतें तें आरमार. ज्या कोटाचा दरवाजा समुद्राकडे उघडा आहे तो जमिनीवरून कितीहि आवळला तरी उपाशी मरत नाहीं. आणि जून उजाडल्यावर पावसानें मोर्चे व दारूगोळा यांची जी दशा होते ती कोंकणांत राहणारास सांगावयास नको.

येथें एक शब्दाची गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ‘फितूर’ हा आपला शब्द अरबी ‘फुतूर’पासून आला आहे, आणि अरबींत त्याचा मूळ अर्थ द्रोह असा नसून शैथिल्य, जोर ओसरणें, असा आहे. चेऊलपुढें नगरच्या फौजेंत अरबी अर्थाचा फुतूर निःसंशय आला. मराठी अर्थाचा फितूर झाला असें म्हणण्यास याहून बळकट पुरावा पाहिजे. कांहीं सरदारांनीं पोर्तुगीजांच्या भेटी घेतल्याहि असतील. पण वेढा उठण्यास तेंच कारण झालें हें त्यावरून सिद्ध होत नाहीं. अपयशास एखादा अपराधी शोधणें ही गोष्ट सर्वच छावण्यांत घडते. चालियमचा वृद्ध पोर्तुगीज किल्लेदार जोर्ज दि काश्त्रू यानें उपासमारीमुळें कोट दिला. तरी पुढें गोव्यांत त्याचा शिरच्छेद करण्यांत आला. भुकेचा शिरच्छेद करतां येत नाहीं, म्हणून किल्लेदाराचा केला जातो.

शब्दांचा पक्षपात हा आणखी एक प्रकार. अरबी व फार्सी युद्धवृत्तांत आपला मेला तो ‘शहीद’ होतो व शत्रूचा मेला तो ‘जहन्नमांत जातो’. पोर्तुगीज लेखक आपल्या विजयांत ईश्वरी साहाय्य पाहतात. आमच्या मराठी बखरींतहि आपले लोक ‘कामास येतात’ व गनिमाचे ‘कापले जातात’. नगर जिल्ह्यांतील जामखेड तालुक्यांत खर्डें येथें ११ मार्च १७९५ रोजीं जी लढाई झाली, तिच्यांत प्रत्यक्ष मनुष्यहानि थोडी होती. परंतु तिच्या मराठी वर्णनांचा आवाज ऐकावा तर पानिपताचें उट्टें फिटल्यासारखा वाटतो. तेव्हां अरबी लेखकांचा पक्षपात दाखवितांना आपल्या दप्तरांस त्याच कसोटीस लावणें हें आमचें कर्तव्यच आहे. एका भाषेपुरती वापरलेली चिकित्सा ही चिकित्सा नसून स्वतःच एक पक्ष होय.

हा केवळ जुन्या पोथ्यांचा प्रश्न राहिला असता तर त्यावर एवढा कागद खर्ची घालण्याचें कारण नव्हतें. परंतु अरबी युद्धवार्ता ही विसाव्या शतकांत पुन्हा राष्ट्राराष्ट्रांच्या झगड्याची वस्तु झाली. इटलीनें १९३४ मध्यें बारी येथून अरबी ध्वनिक्षेपण सुरू केलें व त्यांतून पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर इंग्रजांविरुद्ध प्रचार चालविला. त्यास उत्तर म्हणून बी.बी.सी.नें ३ जानेवारी १९३८ रोजीं आपली अरबी वार्ता सुरू केली; आणि पहिल्याच दिवशीं, इंग्रजांच्या लष्करी न्यायालयाच्या हुकमानें एका पॅलेस्टिनी अरबास फांशी दिल्याची बातमी तींत वाचली गेली. त्यावरून लंडनच्या परराष्ट्रखात्याकडून नाराजी व्यक्त झाली. बातमी खरी होती. वाद होता तो ती सांगावी कीं न सांगावी याचा. ती अरबी रेडिओसेवा जानेवारी २०२३ मध्यें बंद झाली. दरम्यान १९९६ मध्यें दोहा येथून ‘अल-जजीरा’ व २००३ मध्यें ‘अल-अरबिया’ या वाहिन्या निघाल्या. इस्रायली सैन्याच्या हातून मेलेल्या पॅलेस्टिनीस पहिली ‘शहीद’ म्हणते. दुसरीनें त्या जागीं ‘मारला गेला’ असा शब्द पसंत केला, व त्याबद्दल अरब जगांत तिजवर टीका झाली. प्रेत एकच, भाषाहि एकच. शब्द निवडतांना पक्ष ठरतो. जैनुद्दीनांच्या लेखणीपुढें जो प्रश्न होता तोच या वृत्तनिवेदकांपुढें आहे.

यावरून अरबी-फार्सी हस्तलिखितें जमविणाऱ्या व वाचणाऱ्या अभ्यासकांस चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली: युद्धवृत्तांत सांपडतांच त्याची तारीख पाहण्याबरोबर तो कोणत्या गांवीं व कोणाच्या आश्रयानें लिहिला हें पहावें. दुसरी: दोन साक्षी जुळल्या तर प्रथम एकीनें दुसरीवरून उतरून घेतलें नाहीं ना, याची खात्री करावी. तिसरी: लेखकानें कोणत्या प्रसंगास किती पानें दिलीं हें मोजावें, जेथें तो आटोपतें घेतो तेथें त्याची सोय असते. चौथी: जयाचें कारण देव व अपजयाचें कारण फितूर असें जेथें लिहिलेलें असेल, तेथें दाणा, पाणी, ऋतु व वाटा यांचा हिशेब आपण स्वतः मांडावा. लेखक पक्षपाती असला तरी पावसाळा कोणाचा पक्ष घेत नाहीं.

चेऊलपुढें पडलेल्या नगरच्या माणसांचीं नांवें वर पाहिलेल्या वृत्तांतांत नाहींत. मोर्चे खणणारे बेलदार, तोफा ओढणारे, दाणा वाहणारे वंजारी यांच्यासाठीं मलबारच्या शेखांजवळ जागा नव्हती, विजापूरच्या इतिहासकारास गरज नव्हती, व लिस्बनच्या छापखान्यास ते केवळ एका मोठ्या आंकड्याचे अंश होते. त्यांच्यावर ‘सरदार फितले, म्हणून हे फुकट मेले’ असा शेवटचा शेरा मारून साडेचारशें वर्षें झालीं. हा शेरा पुराव्यानें खरा ठरल्यास आम्ही तो मान्य करूं. तोंपर्यंत त्यास शेराच म्हणावें, इतिहास म्हणूं नये, एवढीच आमची विनंति आहे.